जुन्या घराचे जतन आणि ग्रामीण पाहुणचार

गोमंतकाच्या उत्तर सीमेवरील पेडणे आणि त्यास लागून असलेला डिचोली हे दोन्ही तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आलेल्या नव्या काबीजादीत मोडतात. येथील शेतकरी कुटुंबांच्या जुन्या घरांची ठेवण बहुधा सारखीच आढळते. चिऱ्याच्या अथवा मातीच्या जाड भिंती, कौलारू छप्पर, पुढे ओसरी, मोठ्या घरांतून मध्यभागी राजांगण व तुळशीवृंदावन, मागे विहीर, गोठा आणि परसू, त्यापलीकडे भाताचे शेत किंवा माडा-पोफळीचे कुळागर. यांपैकी कित्येक घरांना आज कुलूप आहे. मुले नोकरीनिमित्त पणजीस, मुंबईस अथवा परदेशी गेली आहेत आणि घर केवळ चतुर्थीपुरते उघडते.

बंद घर फार काळ उभे राहत नाही. वर्षास सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात एक कौल सरकले तरी पाणी आत झिरपते. त्याने प्रथम वासे कुजतात, मग वाळवी शिरते आणि अखेर भिंत खचते. जानेवारी २०२३ पासून मोपा येथील विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि पेडण्यातील जमिनीस मागणी वाढली. अशा वेळी मोडकळीस आलेले घर विकून टाकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. डिचोलीत निराळी अडचण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणकाम थांबले, तेव्हा ट्रक व यंत्रे यांवर अवलंबून असलेल्या अनेक कुटुंबांचे उत्पन्न एकाएकी बंद झाले. पुढे लिलावाद्वारे काही खाणी पुन्हा सुरू झाल्या असल्या, तरी एकाच व्यवसायावर विसंबून राहण्यातील धोका गावोगावी लक्षात आला आहे. यास्तव जुने घर दुरुस्त करून त्यातील दोन-तीन खोल्या पर्यटकांस भाड्याने देणे, हा विचार करण्याजोगा जोडधंदा होय. मात्र तो निसर्गास व गावास धरून केला, तरच टिकतो.

घर कोणाचे?

पहिला प्रश्न पैशाचा नसून मालकीचा आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा चालतो. त्यानुसार सर्वसाधारणपणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते व मुलगे आणि मुली दोघांनाही वारसाहक्क मिळतो. त्यामुळे आजोबांच्या नावे असलेल्या एका घराचे अनेक वाटेकरी असू शकतात. एकाने स्वतःचे पैसे घालून छप्पर नवे करावे आणि पुढे दुसऱ्याने वाटा मागावा, यातून तंटे उद्भवतात. म्हणून खर्चास हात घालण्यापूर्वी एक-चौदाचा उतारा पाहावा, वारसांची नोंद नसल्यास इन्व्हेंटरीची कार्यवाही पुरी करावी आणि सर्व वाटेकऱ्यांची संमती लेखी घ्यावी. परड्यात मुंडकाराचे घर असल्यास त्याला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे, हेही विसरू नये. त्याची पायवाट आणि पाणवठा पाहुण्यांसाठी बंद करणे योग्य नव्हे.

दुरुस्ती कशी करावी?

पुष्कळ ठिकाणी जुन्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करून घर ‘पक्के’ केले जाते. प्रत्यक्षात याने हानीच होते. चिरा व माती जमिनीतील ओल शोषून घेतात आणि ती हवेत सोडून देतात. सिमेंटच्या थराने ही वाट बंद होते, ओल आतच कोंडते आणि काही पावसाळ्यांनंतर गिलावा पोपडे धरून सुटतो. चुना आणि वाळू यांचा गिलावा भिंतीस श्वास घेऊ देतो. छपराच्या बाबतीत जुनी चांगली कौले काढून, धुऊन पुन्हा वापरावीत. कुजलेले वासे तेवढे बदलावेत. पत्र्यापेक्षा कौलाखाली उन्हाळ्यात गारवा अधिक असतो, त्यामुळे वातानुकूलन यंत्राची गरज कमी भासते. अंधाऱ्या खोलीत चार-दोन काचेची कौले बसविली, तर दिवसा दिवा लावावा लागत नाही. ही कामे जाणणारे गवंडी व सुतार अजून गावांत आहेत. त्यांच्या हाताखाली तरुण मुले शिकली, तर ही विद्याही टिकेल.

पाणी आणि सांडपाणी

शंभर चौरस मीटर छपरावर वर्षाकाठी सुमारे तीन लाख लिटर पाणी पडते. पन्हळी लावून आणि पहिल्या सरींचे मळके पाणी वगळून उरलेले पाणी गाळून विहिरीकडे वळविले, तर भूजलास मोठा आधार मिळतो. पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा असतो. त्याच काळात विहिरींचे पाणी खाली जाते. यामुळे पोहण्याचा तलाव बांधणे हे शेजाऱ्याच्या घागरीतील पाणी घेण्यासारखे आहे. न्हाणीघराचे पाणी केळी-माडांना द्यावे. शोषखड्डा विहिरीपासून किमान साठ फूट दूर ठेवावा. जांभ्या दगडाच्या भेगांतून दूषित पाणी लवकर पाझरते. ओला कचरा परसातील खड्ड्यात कुजवावा. मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यालगतच्या घरमालकांनी रात्री समुद्राकडील दिवे मालवावेत, कारण तेथील वाळूत अंडी घालण्यास येणारी सागरी कासवे व त्यांची पिल्ले उजेडाने वाट चुकतात.

पाहुण्यास काय द्यावे?

फोंडा तालुक्यातील मसाल्याच्या कुळागरांनी पाहुण्यांस बाग दाखवून केळीच्या पानावर जेवण वाढण्याचा प्रघात पाडला आणि तो लोकप्रिय ठरला. यातील मर्म असे की, बाग आधीच होती. पाहुणा तिच्याकडे आला. आपल्या घरीही तेच लागू आहे. उकड्या तांदळाची पेज, अळसांद्यांची भाजी, सोलकढी, हरमलची मिरची आणि मानकुराद आंबा ही हॉटेलातल्या यादीपेक्षा अधिक आवडीने खाल्ली जातात, शिवाय त्यांचा पैसा गावातच राहतो. कोरगाव परिसरातील खाजन शेती, मये तलाव, हरवळ्याची लेणी व नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देवस्थान जाणत्या ग्रामस्थाने दाखवावे. देवळातील वागणूक, पोशाख आणि छायाचित्रे घेण्याचे नियम पाहुण्यास आल्याबरोबर सांगावेत.

नोंदणी व उत्पन्न

१९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली, केवळ एक-दोन खोल्या भाड्याने देणाऱ्यानेही पर्यटन खात्याकडे नोंदणी केली पाहिजे. २०२३ मध्ये राज्याने गृहनिवास व न्याहारी धोरण जाहीर केले असून त्याची माहिती खात्याच्या कार्यालयात मिळू शकते. बांधकामात फेरबदल करण्यापूर्वी पंचायतीची अनुज्ञा घ्यावी. किनाऱ्यालगत सागरी नियमनाचे निर्बंधही लागू होतात. परदेशी पाहुणा उतरल्यास २४ तासांच्या आत विहित नमुन्यात कळविणे बंधनकारक आहे.

या व्यवसायाने कोणी रातोरात श्रीमंत होणार नाही. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहतील, म्हणून कर्जाचा हप्ता हंगामाच्या नव्हे तर वर्षाच्या हिशेबाने ठरवावा. शेती व कुळागर सोडून केवळ पाहुण्यांवर विसंबू नये. ज्या शेतासाठी पाहुणा येतो, ते पडीक ठेवून घर चालणार नाही. परंतु एवढे निश्चित की, ज्या घरात चूल पेटते आणि ज्याच्या छपरावर दर मे महिन्यात माणूस चढतो, ते घर उभे राहते. विकलेले घर परत मिळत नाही. पाहुण्याच्या भाड्यातून कौले फिरविण्याचा खर्च निघाला आणि मुलांना परतून येण्यास दार उघडे राहिले, तर त्या कुटुंबाचा व गावाचाही लाभच आहे. संबंधित ग्रामस्थांनी, पंचायतींनी व शिक्षकांनी या दिशेने विचार करावा.