जोशी, शिरोडकर आणि मधली वीस वर्षं

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ 2004 साली मौज प्रकाशनाकडून आली. त्याआधी सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ने कॉलेजच्या कट्ट्यावरची पोरं कधीच वेडी करून ठेवली होती. तिथे मैत्रीत जीव ओवाळून टाकायचा आणि प्रेमात हमखास रडायचं. बोकिलांनी वय खाली आणलं आणि आवाजही. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र सुऱ्या, चित्र्या, फावड्या, बसायला एक अर्धवट बांधकामाची इमारत आणि मनात वर्गातली शिरोडकर. एवढ्यावर अख्खी कादंबरी.

काळ आणीबाणीचा. स्वतः बोकील 1957 चे, म्हणजे तेव्हा ते नववीच्या कधीच पुढे गेले होते. तरी पोरांना त्यांनी नेमकं याच काळात बसवलं, आणि ते जमलं. बाहेर मोठी माणसं दबकून बोलतायत आणि इकडे पोरंही एकच गोष्ट चोरून बोलतायत. मोकळा बोलणारा मोठा माणूस एकच, जोशीचा नरूमामा.

पुढच्या दशकात कादंबरी माध्यमं बदलत फिरली. ‘गमभन’ हे नाटक झालं, 2008 मध्ये ‘हमने जीना सीख लिया’ हा हिंदी चित्रपट निघाला, आणि जानेवारी 2012 मध्ये सुजय डहाके यांचा ‘शाळा’ प्रदर्शित झाला. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर यांचे चेहरे तेव्हापासून पुस्तकातल्या पात्रांना असे चिकटलेत की आता वेगळा जोशी डोळ्यांपुढे आणणं अवघड. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चांगलाच होता. पण लोकांच्या आठवणीत ‘शाळा’ हळूहळू नुसती गोड होत गेली, ती याच काळात. ‘आमचेही ते दिवस’ असं म्हणत सुस्कारा सोडायचं निमित्त.

मला ती कधीच नुसती गोड वाटली नाही. पोरं मुलींच्या मागावर राहतात, कोण कुठल्या वाटेने जाते याची टेहळणी करतात, एकमेकांत त्यांची वाटणी करून टाकतात. आजच्या नववीतल्या मुलीला हे वाचताना राग आला तर तिचं चुकत नाही. मात्र बोकिलांना हे तेव्हाच दिसलेलं होतं. एकाच पुस्तकात त्यांनी दोन प्रेमं ठेवली आहेत. सुऱ्या केवडा नावाच्या मुलीशी धड दोन वाक्यंही न बोलता थेट विचारायला जातो आणि प्रकरण शाळेपर्यंत पोचून सगळ्यांच्याच अंगाशी येतं. जोशीची सुरुवातही बघण्यापासूनच होते, पण तो शिरोडकरशी बोलतो, आणि मुख्य म्हणजे तिचं ऐकतो. त्यांच्यातलं जे काही आहे ते आधी ओळख होतं, मग मैत्री, आणि प्रेम हा शब्द उच्चारायच्या आतच वर्ष संपतं.

वडिलांच्या बदलीने शिरोडकर गाव सोडते. मित्रही पांगतात, जोशी दहावीत जातो. इतक्या वर्षांत या गोष्टीची नाटकं-सिनेमे झाले, पण सगळीकडे बोलतो जोशीच. तिच्या बाजूने ही नववी अजून कुणी लिहिलेली माझ्या वाचनात आलेली नाही. ती कादंबरी मात्र मला वाचायची आहे.