घटस्फोटाचा अर्ज : स्थळ आणि भाषा

बेंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागात संगणक-व्यवसायानिमित्त आलेली मराठी कुटुंबे राहतात. अशा एखाद्या दांपत्याचा विवाह पुण्यात झाला, संसार महादेवपुऱ्यात झाला आणि बेबनावानंतर पत्नी कोल्हापूरला माहेरी परतली, अशी कल्पना केल्यास घटस्फोटाचा अर्ज कोठे करावा हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १९ प्रमाणे विवाहस्थळ, प्रतिपक्षाचे वास्तव्य किंवा उभयतांचे अखेरचे सहवास्तव्य यांवरून न्यायालयाचा अधिकार ठरतो. २००३ च्या दुरुस्तीने अर्जदार पत्नीस स्वतःच्या वास्तव्याचे स्थळही मिळाले. म्हणून वरील पत्नीस कोल्हापुरात अर्ज करता येतो. पती पुढे हैदराबादला गेला, तर केवळ तेवढ्यावरून त्याला एरव्ही तेथे अर्ज करता येत नाही. शिवाय, दोघांनी भिन्न न्यायालयांत अर्ज केल्यास नंतरचा अर्ज आधीच्या न्यायालयाकडे वर्ग करावा, असे कलम २१-अ सांगते. त्यामुळे प्रथम कोण जातो, यास महत्त्व येते. मात्र अर्ज अन्य राज्यात वर्ग करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार यामुळे बाधित होत नाही, हे १९८१ मध्ये स्पष्ट झाले.

पूर्वी स्थळानुसार कायदाच बदलत असे. मुंबई प्रांताचा १९४७ चा हिंदू घटस्फोट कायदा बेळगावास लागू होता, म्हैसूर राज्यातील बेंगळूरास नव्हता. १९५५ नंतर घटस्फोटाची कारणे बव्हंशी सर्वत्र सारखी झाली; न्यायालयाची भाषा मात्र सारखी झाली नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३७ नुसार ती राज्यशासन ठरविते.

क्रूरतेचा आरोप पुष्कळदा उच्चारलेल्या शब्दांवर उभा असतो. सुनेला 'पांढऱ्या पायाची' म्हटल्याची साक्ष कोल्हापुरात झाली, तर त्यातील विष समजावून सांगावे लागत नाही. बेंगळूरात तीच साक्ष कन्नड किंवा इंग्रजीत उतरते. कन्नडात 'काल्गुण' ही जवळची कल्पना आहे. पावलांबरोबर येणारे शुभाशुभ तेथील मनासही परिचित आहे. इंग्रजीत शब्दशः भाषांतर केले, तर पायांच्या रंगाचे निरर्थक वर्णन तेवढे उरते आणि अपमान नाहीसा होतो.

अर्जाचे स्थळ निवडणारा पक्ष म्हणूनच प्रवासाचे अंतर तर निवडतोच, पण आपले दुःख कोणत्या भाषेत नोंदले जावे, हेही बऱ्याच अंशी निवडत असतो.