मानसिक आजार असलेल्या परिचितांविषयी बोलताना : शब्दांची जबाबदारी

हैदराबादमधील कुकटपल्ली स्थानकावरून मेट्रोने अमीरपेटच्या दिशेने निघाले की चौथे स्थानक एर्रागड्डा लागते. येथे शासकीय मानसिक आरोग्य संस्था आहे. या संस्थेमुळे शहराच्या बोलीत 'एर्रागड्डा' हे नाव टोमणा होऊन बसले आहे. मराठीत 'ठाणे' आणि 'येरवडा' या नावांचीही तीच गत झाली. ज्या नावाने उपचार आठवावा, त्याच नावाने लाज आठवू लागली, तर चार स्थानकांचे अंतर कापायला एखाद्या कुटुंबाला चार वर्षेही लागू शकतात.

हा प्रश्न थोडक्यांचा नाही. निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १८ वर्षांवरील सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना मानसिक आजार आढळला. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. म्हणजे प्रत्येक वर्गात आणि प्रत्येक स्टाफरूममध्ये हा विषय कोणाच्या ना कोणाच्या घरचा आहे.

शब्दांमागील समजुती

उर्दूतील 'मजनून' हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्याचा अर्थ 'झाकणे' असा आहे. 'जिन' हा शब्दही त्याच धातूचा. मराठीतील 'बाहेरचे झाले' या प्रयोगामागेही हीच समजूत आहे. तथापि दमास्कस (११५४) आणि कैरो (१२८४) येथील बीमारिस्तानांत मनोरुग्णांवर वैद्यकीय उपचार होत असत. अर्थात याकडे आजार म्हणून पाहणे ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नाही. तिचा विसर पडल्यास काय घडते, हे तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळील एका खाजगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले.

कायद्याची भाषाही हळूहळू बदलली. १९१२ च्या कायद्यात 'ल्युनॅटिक', म्हणजे चंद्राच्या प्रभावाने भ्रमिष्ट झालेला, हा शब्द होता. १९८७ च्या कायद्यात 'मानसिकदृष्ट्या आजारी व्यक्ती' हा शब्दप्रयोग आला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' असा उल्लेख केला, रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि त्याच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला. 'ल्युनॅटिक'पासून इथवर येण्यास १०५ वर्षे लागली.

व्याकरणाचा दाखला

मराठीत 'त्याला ताप आला' असे म्हणतात, उर्दूत 'उसे बुख़ार है'. दोन्ही भाषांत आजार माणसाकडे येतो. माणूस आजार होत नाही. मग मनाच्या बाबतीतच 'तो वेडा आहे' असे का म्हणावे? 'त्याला नैराश्य आले आहे', 'तिला स्किझोफ्रेनिया आहे' असे म्हटले की माणूस शिल्लक राहतो आणि उपचाराची वाटही मोकळी राहते.

कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी आपल्या पत्नीच्या स्किझोफ्रेनियाविषयी उघडपणे बोलण्याचे धैर्य दाखवले. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. २००४ च्या 'देवराई' या चित्रपटाने हा आजार मराठी घरांत चर्चेला आणला. आपल्या माणसाची काळजी वाहताना केलेले असे बोलणे आणि पाठीमागे केलेली कुजबूज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अध्यापकांसाठी

एखादा विद्यार्थी अचानक गैरहजर राहू लागला, तर स्टाफरूममध्ये 'त्याचे डोके फिरले' हे वाक्य सहज उच्चारले जाते आणि संध्याकाळपर्यंत ते वसतिगृहात पोहोचते. विद्यार्थी परतला, तरी ते वाक्य त्याच्या आधी वर्गात येऊन बसलेले असते. म्हणून अध्यापकांनी निदान करू नये. जे पाहिले तेवढेच, आणि मदत करू शकेल अशा व्यक्तीलाच सांगावे : 'तीन आठवडे वर्गात नाही, झोप लागत नाही असे म्हणतो.' त्याची हकीकत इतरांना सांगण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी. जीव देण्याची भाषा ऐकू आल्यास मात्र गुप्ततेचे कारण सांगून गप्प बसू नये. त्याच्याशी थेट बोलावे, त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना व डॉक्टरांना कळवावे. २०२२ पासून सुरू असलेली टेलि-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

टोमण्याचे पुन्हा रुग्णालय करणे हे एकट्या डॉक्टरांचे काम नाही. भाषा शिकवणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे.