स्वमग्नता : खापर कुणाच्या माथी?

‘आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं, हे सुनेच्या माहेरचं.’ मुलाला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे कळताच हे वाक्य हमखास ऐकू येते. जरा आठवून पाहा : चारचौघांत न मिसळणारे काका, रोजची बसायची जागा बदललेली न खपणारे आजोबा, उशिरा बोलू लागलेली आत्या. हे आजार नव्हेत. पण स्वमग्न मुलांच्या नातलगांत अशा स्वभावछटा अधिक आढळतात.

१९७७ साली फोल्स्टीन व रटर यांनी ब्रिटनमध्ये एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्या तपासल्या. प्रत्येकीत निदान एक मूल स्वमग्न होते. ४ जोड्यांत दोघेही स्वमग्न निघाले. भाषा व आकलनाच्या अडचणीही धरल्या, तेव्हा ९ जोड्यांत दोघांचे साम्य दिसले.

हा वारसा आई-वडील दोघांकडूनही येऊ शकतो. कधी जनुकातील बदल मुलातच प्रथम घडतो. आईच्या संगोपनाचा यात दोष नाही.

एक मूल स्वमग्न असल्यास पाठच्या भावंडात ही शक्यता सुमारे पाचात एक असते. वर्षाचे बाळ हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे मूल बोटाने काही दाखवत नसेल, तर दोष शोधण्यात वेळ दवडू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.