आईचा मोगरा आणि पायजम्याची नाडी

नागपूरहून वर्धा मार्गाने दक्षिणेकडे निघाले की सुमारे तीस किलोमीटरवर बुटीबोरी लागते. कारखान्यांचे गाव! येथे बागेला जागा कुठली? आमच्या गच्चीत अकरा कुंड्या, एवढेच काय ते वैभव. पण त्यांत एक मोगरा आहे. आर्वीचे घर विकले तेव्हा आईच्या अंगणातून आणलेला तो तेवढाच. आई आता नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात मुलांच्या हट्टाखातर बारा दिवस पुण्यास गेलो. झाडांची व्यवस्था अर्थातच मी केली होती! बाटल्या भरून कुंड्यांत उलट्या खोचल्या आणि ऐटीत गाडीत बसलो. परतल्यावर पाहतो तो मोगऱ्याच्या नुसत्या काड्या. सौ. काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. नखाने फांदी खरवडली. अगदी बुडाशी, सालीखाली हिरवी रेघ दिसली. वाळके छाटून झाड सावलीत ठेवले. आषाढात पालवी फुटली, तेव्हा कुठे मला जेवण गोड लागले.

२०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात मातीची कुंडी आपल्या अंगातूनही पाणी उडवून टाकते. आणि उलटी बाटली? माती भुसभुशीत असली की बाटलीत हवा शिरते नि पाणी एका रात्रीत खलास!

म्हणून यंदा निघण्यापूर्वी पंधरा दिवस घरीच प्रयोग मांडला. तुळशीच्या मोठ्या कुंडीत कुंभाराकडचे गाडगे गळ्यापर्यंत पुरले. युक्ती जुनी आहे; सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात ती सांगितली आहे. माती कोरडी झाली की गाडग्याच्या अंगातून पाणी ओढते, ओली असली की ओढ मंदावते. मात्र रंग दिलेले गाडगे पाझरत नाही, बरे का! आणि तोंडावर झाकणी हवीच, नाही तर डासांची सोय.

मोगऱ्याच्या कुंडीत गाडग्याला जागा नव्हती. तेथे सुती दोरी हवी होती. सौ.ने माझ्या पायजम्याची नाडी काढून दिली! ती भिजवून एक टोक मुळांशी पुरले, दुसरे झाकलेल्या बादलीच्या तळाशी सोडले. बादली उंचावर ठेवली तर कुंडीत चिखल झाला. खाली, अगदी लगत ठेवली तेव्हा पाणी बेताने चढू लागले. रोज पेन्सिलीने खुणा केल्या. गाडगे चार दिवसांत रिकामे, बादली आठवड्यात.

म्हणजे बारा दिवस नुसत्या युक्तीवर निघणार नव्हते. शेजारच्या आजींचे गुडघे दुखतात, म्हणून गेल्या वर्षी त्यांना विचारलेच नव्हते. त्या अजून रुसलेल्या होत्या. ''काहून जी, मी काय परकी आहे?'' यंदा किल्ली दिली; चौथ्या आणि आठव्या दिवशी दोन्ही भांडी भरायची, एवढेच काम. बाकीच्या कुंड्या उत्तरेच्या भिंतीशी सावलीत खेटून ठेवल्या, मातीवर वाळका पाला पसरला, त्यांना त्याच दोन दिवशी तांब्या-तांब्या पाणी. कोरफडीला मात्र थेंबही नको, असे तीनदा बजावले.

परतलो त्या संध्याकाळी आजींनीच दार उघडले. अंबाड्यात मोगऱ्याची दोन फुले!

''तोडली जी मी,'' त्या ओशाळून म्हणाल्या.

आता भाऊबीजेला पुन्हा पुण्यास जायचे आहे. बादली घासून ठेवली आहे, सौ. दुसरी नाडी मागते आहे.