लाल टोपी, केशरी टोपी: इन्सुलिन भरण्याआधी थांबा

नर्सिंगच्या मुलामुलींनो, भनपुरीतून रायपूरच्या वॉर्डात ड्युटीला निघताना एवढं एक गणित पाठ करून जा.

आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं: एका मिलीत 40 युनिट किंवा 100 युनिट. सिरिंजही वेगळ्या. 40 ची टोपी लाल, 100 ची केशरी.

आता चूक कशी होते पाहा. डॉक्टरांनी 20 युनिट लिहिले. कुपी 100 ची, हातात लाल टोपीची सिरिंज. 20 च्या रेघेपर्यंत भरलं की अर्धा मिली, म्हणजे 50 युनिट! अडीच पट. रुग्णाला घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्धही हरपू शकते. उलट 40 च्या कुपीला केशरी सिरिंज लावली, तर 20 ऐवजी जातात फक्त 8 युनिट, आणि साखर चढलेलीच राहते.

म्हणून टोचण्याआधी:

• कुपीवरचा आकडा आणि टोपीचा रंग जुळवा.
• योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ ही पाच तपासा आणि नोंद लगेच करा.
• मात्रेपुढे इंग्रजी 'U' हे अक्षर लिहू नका. घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि 10 चे 100 होतात. 'युनिट' पूर्ण लिहा.
• रुग्ण जेवणार आहे ना, हे विचारा. शुगर तपासा.
• भरलेली मात्रा दुसऱ्या सिस्टरला दाखवा.

शंका आली तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. टोचलेलं औषध मात्र परत काढता येत नाही.

तुमच्या बॅचच्या ग्रुपवर नक्की पाठवा.