हिचकॉकचे 15 चित्रपट, एका पेटीत

युनिव्हर्सलने 2012 मध्ये ब्लू-रेवर आणलेल्या आल्फ्रेड हिचकॉक यांच्या संग्रहात 1942 च्या ‘सॅबोटर’पासून 1976 च्या ‘फॅमिली प्लॉट’पर्यंतचे 15 चित्रपट असले, तरी त्याचे खरे वैभव 1954 ते 1963 या दशकात, म्हणजे ‘रिअर विंडो’ ते ‘द बर्ड्‌स’ या काळात आहे. त्यातही ‘व्हर्टिगो’ (1958) पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. तो व्हिस्टाव्हिजनमध्ये, म्हणजे 35 मिलिमीटरची फिल्म उभी न सरकवता आडवी सरकवून प्रत्येक चौकटीला अधिक जागा देणाऱ्या पद्धतीने चित्रित झाला असल्याने चित्राचा बारीकसारीक तपशील विलक्षण स्पष्ट उमटतो. मनोऱ्याच्या जिन्यातून नायक खाली पाहतो, तेव्हा कॅमेरा पुढे सरकत असतानाच झूम भिंग दृश्य दूर लोटते, आणि त्यामुळे जिन्याचा तळ डोळ्यांदेखत खोल जातो. त्यासाठी जिन्याची छोटी प्रतिकृती आडवी ठेवून कॅमेरा तिच्यासमोर सरकवला होता, ही युक्ती कळल्यावरही पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतोच. ‘सायको’ (1960) मात्र कृष्णधवल असून, तो हिचकॉक यांनी मुख्यतः आपल्या दूरचित्रवाणी मालिकेतील तंत्रज्ञांना घेऊन कमी खर्चात केला.